कमरेची गांठ आणि न भरणारी जखम

अलीकडे वर्तमानपत्रांतून व जाहिरातींतून त्वचेच्या कर्करोगाविषयीं पुष्कळ वाचावयास मिळतें. उन्हांत जातांना अमुक मलम लावावें, तमुक वेळीं बाहेर पडूं नये, असा तो उपदेश असतो. ऑस्ट्रेलिया, युरोप, अमेरिका येथील गौरवर्णी लोकांस तो सर्वस्वी योग्य आहे. त्यांच्या कातडींत रंगद्रव्य थोडें. म्हणून सूर्याचे नीलातीत किरण आंत शिरून पेशींस इजा करतात. आपणांस परमेश्वरानें सांवळ्या रंगाचें जें आवरण दिलें आहे, तें या बाबतींत मोठें उपकारक ठरतें. (आणि तोच रंग घालविण्यासाठीं आपल्या घरांत मलमांच्या डब्या येतात, ही मौज पाहा!) भारतांतील सर्व कर्करोगांत त्वचेच्या कर्करोगाचा वांटा शेंकडा एकच्या आसपास आहे. परंतु म्हणून विंचूरच्या शेतांत दिवसभर वांकून कांदे काढणाऱ्या माउलीला या रोगाचें भय नाहीं, असें नव्हे. तो तिच्याकडे दुसऱ्या वाटेनें येतो, आणि त्या वाटेकडे कोणाचेंच लक्ष नाहीं, एवढ्यासाठीं हा लेख.

२०२४ सालीं वर्धा येथील जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयांतील व बिहारमधील मधुबनी वैद्यकीय महाविद्यालयांतील डॉक्टरांनीं एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकांत दोन वृद्ध स्त्रियांची हकीकत प्रसिद्ध केली. एक सत्तर वर्षांची. तिच्या उजव्या कुशीस दीड वर्षापासून जखम होती, ती कांहीं केल्या भरेना. नऊवारीखालीं परकराची नाडी ती जन्मभर घट्ट बांधीत आली होती. तेथील कातडी पांढुरकी झाल्याचें तिला कांहीं वर्षें आधींच दिसलें होतें. पण किरकोळ समजून तिनें तें सोडून दिलें. दुसरी साठी ओलांडून सत्तरीकडे झुकलेली. ती चाळीस वर्षें लुगडें नेसत होती; खालीं परकर नाहीं, लुगडेंच कमरेस करकचून आवळलेलें. तिची जखम दोन वर्षांची. तपासणींत दोघींनाही त्वचेचा कर्करोग निघाला, आणि दुसरीच्या बाबतींत तर तो जांघेंतील रसग्रंथीपर्यंत पोंचला होता.

त्या वेळीं कित्येक पत्रांनीं 'साडीचा कर्करोग' असे मोठाले मथळे दिले. मला ते आवडले नाहींत. लाखों स्त्रिया पिढ्यान् पिढ्या लुगडें नेसत आल्या आहेत आणि त्यांतील फारच थोड्या या रोगास बळी पडल्या. दोष वस्त्राचा नव्हे. वर्षानुवर्षें एकाच जागीं रुतणाऱ्या नाडीचा आहे. नाडी रुतते, घाम मुरतो, धूळ बसते, कातडी सोलवटते. रात्रीं जरा भरून येतें, सकाळीं पुन्हा त्याच जागीं आवळलें जातें. अशा सतत मोडणाऱ्या व सतत भरणाऱ्या जागीं पेशींना नवीन नवीन कातडी घडवीत राहावें लागतें, आणि त्या घडणींत एखादे दिवशीं कांहीं पेशी ताळतंत्र सोडून वाढूं लागतात. भाजल्याच्या जुन्या व्रणांतही हेंच घडतें. चुलीवर वा स्टोव्हवर भाजलेली जागा वीस-तीस वर्षांनींही पुन्हा फुटून चिघळूं लागली, तर ती साधी जखम समजूं नये. अशा व्रणांचें वर्णन मार्जोलिन नांवाच्या फ्रेंच शस्त्रवैद्यानें १८२८ सालीं केलें, म्हणून त्यांस आजही त्याचेंच नांव आहे.

पुरुषवर्गानें यावर बायकांकडे बोट दाखवूं नये, कारण या प्रकाराचा पहिला गाजलेला शोध धोतरासंबंधींच लागला. परळचें टाटा स्मारक रुग्णालय १९४१ सालीं उघडलें. तेथील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनीं बी. सूर्याबाई यांच्यासह १९४५ सालीं एक निबंध प्रसिद्ध केला. लोकांच्या चालीरीतींतून उद्भवणाऱ्या कर्करोगाचे तीन नवे प्रकार त्यांत वर्णिले असून, धोतर जेथें कमरेस आवळलें जातें तेथें होणारा कर्करोग हा त्यांतील एक होय. त्याच्याही पूर्वीं, १८६६ सालीं, काश्मिरांत वैद्यकीय सेवा करणारे मिशनरी डॉ. एल्म्स्ली यांनीं तेथील लोकांच्या पोटावर व मांड्यांवर होणाऱ्या कर्करोगाचा संबंध कांगडीशीं, म्हणजे अंगरख्याखालीं ऊब घेण्यासाठीं धरलेल्या निखाऱ्यांच्या भांड्याशीं, जोडला. पुढें श्रीनगरच्या मिशन रुग्णालयांतील डॉ. अर्नेस्ट नीव्ह यांनीं १९२३ सालीं त्याच विषयावर लिहिलें. या सर्वांनीं रोग्याच्या नुसत्या जखमेकडे पाहिलें नाहीं. तो काय नेसतो, कसा शेकतो, कसा राहातो, हेंही पाहिलें. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनीं ही पद्धत लक्षांत घ्यावी. प्रयोगशाळेंत शिरण्यापूर्वीं त्यांना माणसाच्या घरांत शिरावें लागलें.

आतां मुख्य अडचण सांगतें. हा कर्करोग पोटांत दडलेला नसतो. तो उघड्या डोळ्यांना दिसतो. तरीही तो उशिरा सांपडतो, याचें कारण संकोच. कमरेची जागा दाखवावयाची कशी? घरांत सून आहे, मुलगा आहे. दवाखान्यांत डॉक्टर पुरुष. मग हळद भरावी, राख लावावी, कोणी सांगितलेला झाडपाला बांधावा, आणि वर पुन्हा नाडी आवळून कामाला जावें. पुष्कळदां सुरुवातीस दुखतही नाहीं, मग तर बोलावयास कारणच उरत नाहीं. लूकच्या शुभवर्तमानांतील बारा वर्षें पीडलेली ती स्त्री आठवा. तीही गर्दींतून मागून आली, नुसत्या वस्त्राच्या गोंड्यास शिवली आणि लपूं पाहात होती. परंतु प्रभूनें तिला तसें निघून जाऊं दिलें नाहीं, सर्वांसमक्ष बोलतें केलें. माझ्या मतें आपल्या घरांतील संकोचास खरें उत्तर मुलींनींच द्यावें. आजी न्हाऊन आली कीं, "आजी, जरा कंबर पाहूं दे," एवढें म्हणावयास नातीस कोणत्या पदवीची जरूर आहे?

पाहावयाचें तें फारसें अवघड नाहीं. नाडीच्या जागीं कातडी पांढुरकी, काळवंडलेली वा जाड झाली असेल, तर अजून वेळ आहे. नाडी सैल करावी, जागा बदलावी. परंतु जखम महिनाभरांत भरली नाहीं, तिच्या कडा उंच व कठीण झाल्या, फुलकोबीसारखें मांस वाढलें, स्पर्श होतांच रक्त येऊं लागलें, दुर्गंधी सुटली किंवा जांघेंत अवधान आलें, तर एक दिवसही दवडूं नये. लेवीय पुस्तकाच्या तेराव्या अध्यायांत याजकानें कातडीवरील डाग पाहावा आणि निश्चय न झाल्यास सात दिवसांनीं पुन्हा पाहावा, असा नियम आहे. एकदां पाहून विसरणें कामाचें नाहीं, हें त्या प्राचीन लोकांसही ठाऊक होतें. अनवाणी चालणाऱ्यांनीं तळपाय व नखेंही पाहावीं. सांवळ्या लोकांत तिळासारखा दिसणारा काळा कर्करोग बहुधा तेथेंच होतो. जमैकाचा विख्यात गायक बॉब मार्ली १९८१ सालीं, अवघ्या छत्तिसाव्या वर्षीं, पायाच्या अंगठ्याच्या नखाखालीं सुरू झालेल्या अशाच रोगानें वारला. आणि ज्या घरांत सूर्यमुखी मूल आहे, त्या घरानें मात्र उन्हाचा तो परदेशी उपदेश अक्षरशः पाळावा. त्या मुलाच्या कातडीला रंगाचें संरक्षण नाहीं. त्यास पूर्ण बाह्यांचा सदरा व रुंद काठाची टोपी द्यावी, आणि भर दुपारच्या कवायतींतून शाळेनें त्यास खुशाल सूट द्यावी.

उपचाराविषयीं गांवांत फार गैरसमज आहे. "तुकडा काढला कीं रोग पसरतो," असें म्हणतात. तें खरें नाहीं. जखमेचा लहानसा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिल्याखेरीज निदान होतच नाहीं. रोग निघाल्यास भोंवतालच्या थोड्या निरोगी कातडीसह तो भाग कापून काढतात, मोठी जागा असल्यास मांडीची कातडी तेथें लावतात. रसग्रंथींत पसरला असल्यास त्याही काढाव्या लागतात, कधीं किरणोपचार करावे लागतात. लौकर सांपडल्यास बहुतेक रोगी पूर्ण बरे होतात. प्रथम लासलगांवच्या ग्रामीण रुग्णालयांत वा निफाडच्या उपजिल्हा रुग्णालयांत दाखवावें. तेथून नाशिकच्या जिल्हा रुग्णालयाचा वा मुंबईचा मार्ग मिळतो. महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजनेंत कर्करोगाच्या उपचारांचा समावेश आहे, म्हणून शिधापत्रिका बरोबर न्यावी.

राहिला प्रश्न नाडीचा. सुती दोरीसारखी बारीक नाडी टाकून परकरास रुंद पट्टा लावावा, घरीं असतांना ती सैल सोडावी, आणि एके दिवशीं उजवीकडे तर दुसऱ्या दिवशीं डावीकडे गांठ मारावी. मुलांचा करदोडा रुतूं लागला कीं बदलावा. आमच्या मुलींचा गणवेष सलवार-कमीज आहे, आणि तींतही नाडीच असते. येत्या जूनमध्यें गणवेष शिवावयास टाकतांना नेफा तीन बोटें रुंद ठेवून त्यांत चपटी पट्टी ओंवावयास शिंप्यास सांगावें. त्यास टीचभर कापड अधिक लागेल.