गोल न होऊ देणारा माणूस

दोस्तांनो, आज आधी एक सोपा प्रश्न. कबड्डीचा सामना बघून तुम्ही घरी आलात, तर कोणाबद्दल बोलता? चढाईत तीन गडी टिपून आलेल्या खेळाडूबद्दल, बरोबर ना? कोपऱ्यात दबा धरून ज्याने समोरच्या चढाईबहाद्दराचा घोटा पकडला, त्याचं नाव पटकन ओठांवर येत नाही. फुटबॉलमध्येही हीच गत. गोल करणाऱ्याला सगळे खांद्यावर घेतात. गोल होऊ न देणारा मागून घाम पुसत चालत येतो.

आज अशाच एका मागच्या गड्याला भेटू या. त्याचं नाव बर्टी फोग्ट्स, देश जर्मनी.

बर्टीचा जन्म ३० डिसेंबर १९४६चा, ब्यूटगेन नावाच्या लहानशा गावातला. दुसरे महायुद्ध संपून दीडएक वर्षच झाले होते. बर्टी बारा-तेरा वर्षांचा असताना आधी त्याची आई गेली आणि पाठोपाठ वडीलही. म्हणजे तुमच्यातल्या कित्येकांच्या वयाचा हा मुलगा पोरका झाला. नातेवाइकांनी त्याला सांभाळले. पुढे तो टूलमेकरचे काम शिकला. कारखान्यातल्या यंत्रांना लागणारी हत्यारे बनवायचे हे काम. आपल्याकडे आयटीआयमध्ये शिकवतात ना, तसेच. आणि फुटबॉल? तो गावच्या क्लबात लहानपणापासून चालू होताच.

बचावपटू म्हटला की उंचापुरा, धिप्पाड गडी डोळ्यांसमोर येतो. बर्टीची उंची जेमतेम साडेपाच फूट! पण अंगात दम भरपूर आणि चिकाटी त्याहून जास्त. म्हणून लोकांनी त्याला नाव दिले ‘टेरियर’. टेरियर हा लहान चणीचा शिकारी कुत्रा. एकदा दातात धरले की सोडायचे नाव नाही!

१९६५मध्ये, अठराव्या वर्षी, तो बोरुसिया म्योन्शनग्लाडबाख या क्लबात गेला. (नाव एका दमात म्हणून बघा बरं!) १९७९मध्ये खेळणे थांबवेपर्यंत त्याने क्लब बदलला नाही. बुंडेसलिगा या जर्मन साखळी स्पर्धेत तो ४१९ सामने खेळला. या काळात त्याच्या क्लबाने पाच वेळा ही स्पर्धा जिंकली, शिवाय १९७५ आणि १९७९मध्ये युएफा चषकही.

त्याचे मैदानावरचे काम काय? समोरच्या संघातला सगळ्यात धोकादायक खेळाडू हेरायचा आणि ९० मिनिटे त्याच्या सावलीसारखे राहायचे. तो डावीकडे गेला की आपण डावीकडे, तो थांबला की आपण थांबायचे. काम कंटाळवाणे वाटते, नाही का? मी प्राथमिक शाळेत शिकवते. मधल्या सुट्टीत संघ पाडताना “तू मागे थांब” असं ज्याला सांगतात, त्याचा चेहरा कसा पडतो ते मी रोज बघते. त्या मुलांनी पुढची गोष्ट जरूर वाचावी.

७ जुलै १९७४. म्युनिकच्या मैदानावर विश्वचषकाचा अंतिम सामना, पश्चिम जर्मनी विरुद्ध हॉलंड. हॉलंडचा कर्णधार योहान क्रायफ म्हणजे तेव्हाच्या जगातला सर्वांत चलाख फुटबॉलपटू. त्याला अडवायची जबाबदारी आपल्या बर्टीवर.

शिट्टी वाजली. हॉलंडने चेंडू आपसात फिरवला, तो क्रायफकडे आला. क्रायफ बर्टीला चकवून सुसाट निघाला आणि थेट गोलसमोर पोहोचला. तिथे हॉनेसने त्याला पाडले. पेनल्टी! नीस्केन्सने गोल केला. जर्मनीच्या एकाही खेळाडूचा चेंडूला पाय लागण्याआधीच हॉलंड १-० पुढे! त्यानंतर लगेच क्रायफला अडवताना बर्टीकडून फाऊल झाला आणि पंचांनी त्याला पिवळे कार्ड दाखवले. अजून एक चूक झाली, तर मैदानाबाहेर.

विचार करा हं. अंतिम सामना, पहिल्या पाच मिनिटांत सगळं उलटं झालेलं आणि अजून ८५ मिनिटं त्याच माणसामागे धावायचंय. तेही फाऊल न करता! तुम्ही काय केलं असतं?

बर्टी पुन्हा क्रायफच्या मागे जाऊन उभा राहिला. धसमुसळेपणा न करता पाय सांभाळून त्याची वाट अडवत राहिला. हळूहळू क्रायफ चेंडू मिळवण्यासाठी मागे मागे जाऊ लागला, म्हणजे गोलपासून लांब. चिडून पंचांशी वाद घातला म्हणून मध्यंतराच्या वेळी त्यालाही पिवळे कार्ड मिळाले. ब्राइटनरने पेनल्टीवर बरोबरी साधली, गेर्ड म्युलरने दुसरा गोल केला आणि पश्चिम जर्मनीने विश्वचषक २-१ असा जिंकला. गोल करणाऱ्यांच्या यादीत बर्टीचे नाव नाही. पण क्रायफचेही नाही!

आता दुसरी बाजूही सांगायला हवी. बचावपटूची चूक लपत नाही. १९७७च्या युरोपियन कपच्या अंतिम सामन्यात लिव्हरपूलच्या केव्हिन कीगनने बर्टीला पळवून पळवून दमवले. शेवटी बर्टीने त्याला पाडले, त्या पेनल्टीवर गोल झाला आणि सामना ३-१ असा गेला. १९७८च्या विश्वचषकात तर ऑस्ट्रियाविरुद्ध चेंडू बर्टीला लागून आपल्याच जाळ्यात गेला. स्वयंगोल! तेव्हा बर्टी कर्णधार होता. तो सामना जर्मनी ३-२ हरला. देशासाठी खेळलेला त्याचा हा ९६वा आणि शेवटचा सामना. असा शेवट कोणाला आवडेल?

पण बर्टी फुटबॉलपासून दूर गेला नाही. त्याने तरुण खेळाडूंना शिकवायला घेतले. तब्बल अकरा वर्षे! १९९०मध्ये फ्रान्झ बेकेनबाउरच्या मार्गदर्शनाखाली पश्चिम जर्मनीने विश्वचषक जिंकला. बेकेनबाउर बाजूला झाला आणि फोग्ट्स प्रशिक्षक झाला. जाता जाता बेकेनबाउर म्हणाला, की आता पूर्व जर्मनीचेही खेळाडू येणार, आपल्याला पुढची कितीतरी वर्षे कोणी हरवू शकणार नाही. झालं! नव्या प्रशिक्षकाच्या डोक्यावर केवढे ओझे!

आणि जर्मनी हरली. १९९२च्या युरो स्पर्धेत डेन्मार्ककडून, तीही अंतिम सामन्यात. हा डेन्मार्क युगोस्लाव्हियाच्या जागी ऐन वेळी स्पर्धेत आलेला. १९९४च्या विश्वचषकात बल्गेरियाने उपांत्यपूर्व फेरीत घरी पाठवले. लोक फोग्ट्सवर खूप चिडले.

१९९६मध्ये इंग्लंडमध्ये युरो स्पर्धा होती. फोग्ट्स सांगत असे, की आमच्याकडे स्टार एकच, तो म्हणजे संघ. हे नुसते बोलणे आहे का, ते लवकरच कळले. अनुभवी बचावपटू कोहलर पहिल्याच सामन्यात जखमी होऊन स्पर्धेबाहेर गेला. कर्णधार क्लिन्समन उपांत्य सामना खेळू शकला नाही. म्योलरला बंदीमुळे अंतिम सामना मुकला. गडी इतके कमी झाले, की राखीव गोलरक्षकांसाठी साध्या खेळाडूचे शर्ट तयार ठेवले होते! तरीही दर वेळी मागचा कोणी तरी पुढे आला आणि संघ अंतिम फेरीत पोहोचला.

३० जून, वेंब्ली मैदान. झेक प्रजासत्ताक १-० पुढे. ६९व्या मिनिटाला फोग्ट्सने बाकावर बसलेल्या ऑलिव्हर बीअरहॉफला मैदानात पाठवले. चारच मिनिटांत त्याने हेडरने बरोबरी केली. तेव्हा ‘गोल्डन गोल’चा नियम होता, म्हणजे जादा वेळेत पहिला गोल करणारा जिंकला. ९५व्या मिनिटाला तो गोलही बीअरहॉफनेच केला. जर्मनी विजेती! त्याच वर्षी युरोपातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा मान मिळाला मथियास सामरला. तो पूर्व जर्मनीतला आणि खेळायचा कुठे? बचावफळीत!

पुढे १९९८मध्ये क्रोएशियाकडून ०-३ अशी हार झाली आणि त्याच वर्षी फोग्ट्सने पद सोडले. नंतर तो कुवेत, स्कॉटलंड, नायजेरिया आणि अझरबैजान या देशांच्या संघांचा प्रशिक्षक झाला. २००३मध्ये त्याच्या स्कॉटलंडने हॉलंडला १-० हरवले आणि चारच दिवसांनी त्याच हॉलंडकडून ०-६ मार खाल्ला. २०१०मध्ये चिमुकल्या अझरबैजानने तुर्कस्तानला हरवले, तेव्हाही बाकावर हाच टेरियर होता.

तर दोस्तांनो, पुढच्या वेळी फुटबॉलचा सामना बघाल तेव्हा एक गंमत करा. दहा मिनिटे चेंडूकडे बघायचेच नाही. एक बचावपटू निवडा आणि फक्त त्याच्याकडे बघा. तो कुठे उभा राहतो, कधी सरकतो, कोणाला ओरडून सावध करतो, ते वहीत लिहा. आणि मधल्या सुट्टीत तुम्हाला कोणी “मागे थांब” म्हणालं, तर विचारा, “चालेल. कोणाला अडवू?”