बाबांची गोळी आणि रात्रीची दवंडी

भारतात जायची तारीख ठरली की घरून यादी येते. बदाम, पिस्ते, व्हिटॅमिनच्या गोळ्या... या खेपेला बाबांनी भर घातली, "ती झोपेची गोळी आण रे, मेलाटोनिनची. शेजारी त्यांच्या मुलाने आणली. तिकडे म्हणे वाण्याकडे मिळते."

मिळते, हे खरं. अमेरिकेत १९९४ च्या एका कायद्यामुळे मेलाटोनिन पूरक आहार म्हणून चिठ्ठीशिवाय विकतात. ब्रिटनमध्ये त्याच गोळीला डॉक्टरची चिठ्ठी लागते. मी नाही म्हणालो. बाबा दोन दिवस फोनवर धड बोलले नाहीत. म्हणून हा लेखप्रपंच!

बाबांना झोप येत नाही हे मला कुणी सांगायला नको. हिवाळ्यात इथे मिनेसोटात दुपारचे साडेतीन वाजतात तेव्हा तिकडे पहाटेचे तीन असतात, आणि नेमका तेव्हा त्यांचा फोन येतो. गप्पा मारायला बरं वाटतं, पण हा माणूस आत्ता अंथरुणात असायला हवा होता हेही मनात येतंच.

माझ्या मते यात थोडा दोष आपल्या शाळेच्या पुस्तकाचा आहे. एका धड्यात ज्ञानेंद्रियं : डोळा म्हणजे कॅमेरा, भिंग, दृष्टिपटल, उलटी प्रतिमा. दुसऱ्या धड्यात ग्रंथी : अवटू, स्वादुपिंड, अधिवृक्क, आणि खाली 'जोड्या लावा'. या दोन धड्यांचीच जोडी लावायची असते हे कुणी सांगितलं नाही. माझं रोजचं काम सेन्सरचं, तरी आपल्या डोळ्यात घड्याळासाठी एक वेगळा सेन्सर आहे हे मला पीएचडी होईपर्यंत माहीत नव्हतं.

१९९५ मध्ये हार्वर्डच्या चार्ल्स झाइस्लर यांना असे काही अंध लोक आढळले, ज्यांना उजेड दिसत नव्हता, पण डोळ्यांवर प्रखर प्रकाश टाकला की रक्तातलं मेलाटोनिन उतरत होतं. १९९८ मध्ये इग्नासिओ प्रोव्हेन्सिओ यांना मेलानॉप्सिन हे प्रथिन सापडलं, तेही बेडकाच्या कातडीत! २००२ मध्ये डेव्हिड बर्सन यांनी दाखवलं की उंदराच्या दृष्टिपटलातल्या काही चेतापेशी स्वतःच प्रकाश ओळखतात. माणसातही त्या आहेत. ४८० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश त्यांना सर्वात जास्त जाणवतो.

या पेशी मेंदूतल्या घड्याळाला खबर देतात. जेमतेम २० हजार पेशींचं हे घड्याळ सरासरी २४ तास १० मिनिटांचं आहे, म्हणून रोज लावावं लागतं. तिथून निरोप पाठीच्या कण्यात उतरतो, मानेतून पुन्हा वर चढतो आणि पिनिअल ग्रंथीपर्यंत पोचतो. (सरकारी फायलीचा प्रवास!) अंधार असेल तर ती ग्रंथी रक्तात मेलाटोनिन सोडते.

संप्रेरक म्हणजे दवंडी. चेतातंतू ठरावीक घरी फोन लावतात. संप्रेरक मात्र रक्तातून गावभर फिरतं आणि ज्या पेशींना ती हाक ओळखता येते त्याच कामाला लागतात. मेलाटोनिनची दवंडी एवढीच, की रात्र झाली. रात्रभर जागणाऱ्या प्राण्यांच्या रक्तातही ते रात्रीच वाढतं. म्हणजे ही काही गुंगीची गोळी नव्हे.

मागच्या भेटीत मी लाइट मीटर नेला होता. सकाळी अकरा वाजता, पडदे ओढलेल्या आमच्या हॉलमध्ये ८० लक्स. गच्चीत ६० हजार! बाबा म्हणाले, "इथे काय कमी उजेड आहे? पेपर वाचता येतो की." इथेच फसगत होते. पाहणारा डोळा कमी उजेडाशी जुळवून घेतो, त्यामुळे फरक कळत नाही. घड्याळाला मात्र तो कळतो. रात्री बारापर्यंत टीव्ही आणि डोक्यावर पांढरी ट्यूब. घरातल्या साध्या दिव्यांनीही संध्याकाळी मेलाटोनिन उशिरा सुटतं, हे २०११ च्या अभ्यासात दिसलंय. दिवसा रात्र आणि रात्री दिवस, अशा घरात दवंडीवाल्याने काय करावं?

गोळीला माझा सरसकट विरोध नाही. जेट लॅगला, काही अंध व्यक्तींना तिचा उपयोग होतो. पण ती वेळ बघून घ्यायची असते, आणि बाटलीवर लिहिलेलं तेवढंच आत असेल असंही नाही. २०१७ मध्ये कॅनडात ३१ उत्पादनं तपासली, तर बहुतेकांत लिहिलेल्या आणि असलेल्या प्रमाणात दहा टक्क्यांहून जास्त तफावत निघाली. रक्तदाबाच्या औषधांसोबत असली बाटली मुलाने बॅगेतून आणून द्यावी, हे मला पटत नाही. आधी उजेड बदलून बघावा. त्यानेही भागलं नाही तर डॉक्टर आहेतच.

शेवटी तह झाला. सकाळचा चहा आणि पेपर गच्चीत, दहानंतर ट्यूब बंद. महिना झाला. पहाटे तीनचे फोन आता आठवड्यातून एखाद-दोन. बाबांच्या मते हा गच्चीतल्या हवेचा गुण आहे. आईचं म्हणणं, "तुझ्या संशोधनापायी मला चहा घेऊन जिना चढावा लागतो."

असो. दुपारचे साडेतीन वाजले की मी अजून फोनकडे बघतो. वाजला नाही की थोडं चुकल्यासारखं होतं, आणि बरंही वाटतं.