वीज आल्यावर पहिलं काय सुरू करायचं?

सर्व्हर रूमची वीज गेली, यूपीएसची बॅटरी संपत आली, सगळं बंद करावं लागलं. वीज परत आल्यावर कोणतं यंत्र आधी सुरू करायचं आणि कोणतं नंतर, हे कागदावर लिहून ठेवलेली कार्यालयं मी फार थोडी पाहिली आहेत. सगळा कारभार व्हर्च्युअल मशीनवर (व्हीएमवर) गेलेला असेल, तर या एका कागदावाचून तासाभराच्या कामात अख्खा दिवस जातो.

मध्यम आकाराच्या सहकारी बँकेत, रुग्णालयात किंवा महाविद्यालयात आज तीन-चार दणकट सर्व्हर असतात, त्यांना होस्ट म्हणतात. प्रत्येकावर दहा-पंधरा व्हीएम चालतात. एकीवर हिशेब, दुसरीवर ईमेल, तिसरीवर हजेरी. या सगळ्यांची देखरेख करणारा सर्व्हर वेगळा. व्हीएमवेअरमध्ये त्याचं नाव व्हीसेंटर. कोणती व्हीएम कोणत्या होस्टवर आहे, तिला मेमरी किती दिली, परवानग्या कोणाला, काल रात्री काय घडलं, हे सारं तो आपल्या डेटाबेसमध्ये नोंदवतो. ज्या होस्टांवर देखरेख करायची, त्यांच्यावरच हा सर्व्हर आणि त्याचा डेटाबेस व्हीएम म्हणून चालवावा का, हा जुना वाद आहे.

पूर्वी अनेक जाणकार ठामपणे नको म्हणत. डेटाबेस म्हणजे एसक्यूएल सर्व्हर किंवा ओरॅकल, आणि त्याला स्वतंत्र यंत्रच हवं, असा त्यांचा आग्रह असे. शेवटी व्हीएमवेअर कंपनीनेच तो वाद मिटवला. 2020 मध्ये आलेल्या तिच्या व्हीस्फियर 7 या आवृत्तीपासून विंडोजवरचं व्हीसेंटर बंद झालं, बाहेरचा डेटाबेस जोडण्याची सोयही गेली. आता पोस्टग्रेस डेटाबेस पोटात घेऊन आलेली तयार व्हीएमच मिळते. मला हा निर्णय पटतो. स्वतंत्र सर्व्हरचा मदरबोर्ड गेला तर नवा येईपर्यंत हात बांधलेले. व्हीएमचा होस्ट गेला तर एचए ही सोय तिला काही मिनिटांत दुसऱ्या होस्टवर उठवते, आणि त्यासाठी व्हीसेंटर जिवंत असण्याची गरज नसते. प्रत्येक होस्टवर एचएचा एजंट असतो. ते आपसांत ठरवून काम उरकतात. व्हीसेंटर बंद असलं तरी बाकीच्या व्हीएम सुखेनैव चालतात. थांबतं ते चालू व्हीएम एका होस्टवरून दुसऱ्यावर हलवणं आणि भार वाटून देणारं डीआरएस.

खरी कोंडी होते सगळंच एकदम बंद पडतं तेव्हा. यूपीएसच्या सॉफ्टवेअरने व्हीएम रीतसर शटडाउन केलेल्या असल्या, तर एचए त्यांना आपणहून उठवत नाही. त्याच्या लेखी त्या कोणीतरी मुद्दाम बंद केलेल्या असतात. होस्ट सुरू होतात. ॲडमिन व्हीसेंटरचं पान उघडू पाहतो, पण नावावरून आयपी सांगणारा डीएनएस सर्व्हर स्वतःच बंद पडलेली व्हीएम. आयपी आठवला तरी व्हीसेंटरही बंदच. ते कोणत्या होस्टवर आहे, याची नोंद त्याच्याच डेटाबेसमध्ये, आणि डीआरएसने ते कधी कुठे हलवलं याचा पत्ता नाही. होस्टांचे रूट पासवर्ड एक्सेलच्या फाईलमध्ये, ती फाईल सर्व्हरवर, आणि तो फाईल सर्व्हरही व्हीएम. पेटीची किल्ली पेटीतच ठेवून वर कुलूप लावल्यासारखं हे आहे.

मोठमोठ्यांनाही हे चुकलेलं नाही. 4 ऑक्टोबर 2021 रोजी फेसबुकचं जाळं देखभालीच्या एका कमांडने कोसळलं, तेव्हा दुरुस्तीची आतली साधनंही त्याच जाळ्यावर अवलंबून होती. अभियंत्यांना प्रत्यक्ष डेटा सेंटरमध्ये जावं लागलं आणि सेवा सुमारे सहा तास बंद राहिली. मायक्रोसॉफ्टच्या फेलओव्हर क्लस्टरला सुरू व्हायला डोमेन कंट्रोलर लागायचा. तो त्याच क्लस्टरवर व्हीएम असला की संपलंच. विंडोज सर्व्हर 2012 मध्ये ती अट काढावी लागली.

आपल्या सर्व्हर रूममध्ये हा फास सोडवायला खर्च जवळजवळ नाही. डीआरएसमध्ये नियम करून व्हीसेंटर शक्यतो एका ठरलेल्या होस्टवरच राहील असं बघावं, म्हणजे त्याच होस्टच्या पानावर थेट आयपीने रूट म्हणून शिरून ते सुरू करता येतं. क्रम असा: आधी स्टोरेज, मग होस्ट, मग डीएनएस आणि डोमेन कंट्रोलर, मग व्हीसेंटर. जुन्या पद्धतीने डेटाबेस वेगळ्या व्हीएमवर असेल तर तो व्हीसेंटरच्या आधी. डिस्ट्रिब्युटेड स्विच वापरणाऱ्यांनी व्हीसेंटरसाठी इफेमरल बाइंडिंगचा एक पोर्ट ग्रुप ठेवावा, नाहीतर व्हीसेंटर बंद असताना त्याची व्हीएम नेटवर्कला जोडताना दमछाक होते. हा क्रम, आयपी आणि पासवर्ड छापून लिफाफ्यात, लिफाफा तिजोरीत. वर्षातून एकदा रविवारी सगळं खरोखर बंद करून त्या कागदावरून उठवून बघावं.

एका सवयीबद्दल मला मनापासून चीड आहे. व्हीसेंटरचा स्नॅपशॉट घ्यायचा आणि बॅकअप झाला म्हणून निर्धास्त व्हायचं. स्नॅपशॉट त्याच डेटास्टोअरवर, मूळ डिस्कच्या आधारानेच उभा असतो. डेटास्टोअर गेला की दोन्ही गेले. डेटाबेस सतत लिहीत असतो, त्यामुळे फरकाची फाईल फुगत जाते आणि डेटास्टोअर भरला की त्यावरच्या इतर व्हीएमही अडकतात. एकच स्नॅपशॉट 72 तासांपेक्षा जास्त ठेवू नका, असं व्हीएमवेअरने स्वतः सांगितलेलं आहे. तरी अपग्रेडच्या वेळी घेतलेले स्नॅपशॉट महिनोन्‌महिने तसेच पडून असतात. व्हीसेंटरला फाईल-बॅकअपची सोय 6.5 पासून आहे, 5480 पोर्टवरच्या पानावरून वेळापत्रक लावता येतं. तो बॅकअप मात्र क्लस्टरबाहेरच्या यंत्रावर गेला पाहिजे.

नोव्हेंबर 2023 मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर घेतल्यावर कायमस्वरूपी परवाने बंद झाले, आणि बजेट तुटपुंजं असलेल्या अनेक संस्था प्रॉक्समॉक्स या पर्यायी प्रणालीकडे वळत आहेत. तिथे असा स्वतंत्र व्यवस्थापक सर्व्हर लागतच नाही. क्लस्टरच्या मांडणीचा डेटाबेस प्रत्येक होस्टवर असतो. ही रचना मला जास्त शहाणपणाची वाटते. पण तिला चालू होस्टांचं बहुमत लागतं. दोनच होस्ट असतील आणि त्यातला एक गेला, तर उरलेल्याला बहुमत नाही. मग त्यावर नवी व्हीएम सुरू करता येत नाही की मांडणी बदलता येत नाही. यासाठी क्यूडिव्हाइस नावाचं तिसरं मत देतात, आणि ते एखाद्या जुन्या पीसीवरही चालतं. दोन होस्टांची निविदा काढणाऱ्या संस्थांनी हे तिसरं यंत्र विक्रेत्याकडून निविदेतच मागून घ्यावं. ते त्याच दोन होस्टांपैकी एकावर व्हीएम करून बसवतो, असं विक्रेता म्हणाला तर सरळ नकार द्यावा.