बी सापडला, डी कुणी शोधायचा?

राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटीस नियंत्रण कार्यक्रम २८ जुलै २०१८ रोजी सुरू झाला. त्याच्या उद्दिष्टांत नावे येतात ती चार अक्षरांची: ए, बी, सी आणि ई. डीचे काय, असे विचारले की ‘आपल्याकडे तो फारसा नाही’ हे ठरलेले उत्तर. तपासत नाही म्हणून सापडत नाही, आणि सापडत नाही म्हणून तपासायचे नाही!

जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२४ मध्ये एचबीएसएजी पॉझिटिव्ह प्रत्येकाची अँटी-एचडीव्ही तपासणी सुचवली, ती पॉझिटिव्ह आल्यास आरएनए. सगळ्यांची जमत नसेल तर डायलिसिसवरचे, एचआयव्ही किंवा सीची बाधा असलेले आणि सिरॉसिसचे रुग्ण आधी. जुलै २०२५ मध्ये डी कर्करोगकारक असल्याचेही जाहीर झाले. यकृताच्या कर्करोगाचा धोका नुसत्या बीपेक्षा दोन ते सहा पट.

मुकुंदवाडीतून चिकलठाणा एमआयडीसीत रोजंदारीवर जाणारा एखादा कामगार धरा. रक्तदान शिबिरानंतर त्याला एचबीएसएजी पॉझिटिव्ह असल्याचे कळते. मग घाटी रुग्णालयाच्या खेपा, डीएनए, टेनोफोविर. वर्षभराने डीएनए खाली, एसजीपीटी मात्र तसाच चढलेला. त्याला दारूबद्दल चार-चार वेळा विचारले जाते, फॅटी लिव्हरवर खापर फुटते. टेनोफोविर डीवर चालत नाही आणि डी स्वतःच बीला दाबून ठेवतो, हे वाचकांना शिकवायला नको. तरीही तपासणीच्या चिठ्ठीवर डेल्टा, म्हणजे डी, लिहिणारा हात विरळाच.

सगळा दोष सरकारवर ढकलून मात्र आपली सुटका नाही. खरी अडचण एलायझाच्या प्लेटची आहे. महिन्याला दोन-तीन नमुने येणाऱ्या छोट्या लॅबने ९६ खणांचा किट फोडायचा, एका नमुन्यासाठीही कंट्रोल लावायचे, आणि उरलेला किट मुदत संपली की फेकायचा. कोण करील? म्हणून रुग्णाला ‘मोठ्या लॅबला जा’ सांगितले जाते. त्याचा आणखी एक रोज बुडतो, आणि तो जात नाही. वास्तविक लागणारा सीरम पहिल्याच नळीत असतो. दुसऱ्या दिवशी तो कचऱ्यात जातो.

‘निदान करून उपयोग काय, औषध कुठे आहे?’ हा युक्तिवाद आता बंद करावा. पेगइंटरफेरॉन आहे, आणि दर सहा महिन्यांच्या सोनोग्राफीत हयगय करायची नाही, हेही निदानामुळेच ठरते. डी निगेटिव्ह निघालेल्यालाही सुया-वस्तऱ्यांबद्दल बजावता येते, कारण बीच्या रुग्णाला डी नंतरही गाठू शकतो.

मुकुंदवाडी, चिकलठाणा, सिडको भागातल्या लॅबचालकांनी एकत्र यावे. रुग्णाची संमती घ्यावी, पॉझिटिव्ह सीरम उणे वीस अंशांवर राखावा, प्लेट भरेल इतके नमुने जमले की एकाच लॅबकडे द्यावेत आणि खर्च वाटून घ्यावा. गेल्या वर्षी एचबीएसएजी पॉझिटिव्ह किती आले आणि त्यांतल्या किती जणांची डी तपासणी झाली, हे दोन आकडे रुग्णांची नावे न देता पुढच्या अंकापूर्वी संपादकांकडे पाठवावेत. दुसरा आकडा शून्य असला, तरी पाठवावा.