फडकं पिळू नका!

“मुरंबा आणि जेली यांत फरक तो काय? दोहोंत फळ आणि साखरच ना?” परवा शेजारच्या वहिनींनी विचारलं, आणि मला लग्नानंतरची पहिली दिवाळी आठवली.

माहेरी शिकलेली पेरूची जेली सासरी करून दाखवायची, असा माझा हट्ट. सासूबाईंचा हात मुरंब्यावर बसलेला. मुरंब्यात फळ राहतं. कैरीच्या फोडी पाकात शिजतात, साखर त्यांत मुरते, पण फोड ती फोडच. जेलीत घ्यायचा तो केवळ गाळलेला रस.

मी पेरू चिरून, बुडतील इतक्या पाण्यात शिजवले आणि रात्री फडक्यात बांधून टांगले. सकाळी पाहते तो रस गढूळ! फडक्यातला एवढा गर वाया जाणार हे सासूबाईंना बघवलं नव्हतं. त्यांनी गाठोडं घट्ट पिळलं होतं. पिळलं की गराचे कण रसात उतरतात. मग जेली जमली तरी काचेसारखी दिसत नाही. मी चिडून बोलले. “फळ टाकायला मी शिकलेच नाही गं,” एवढंच त्या म्हणाल्या. एका पगारात नऊ माणसांना जेवू घातलं होतं त्यांनी. माझी मलाच लाज वाटली.

पुढच्या खेपेला करार झाला: रस माझा, गर त्यांचा. तो चाळणीतून घासून, बिया काढून, साखर घालून त्यांनी कडा सुटेपर्यंत आटवला आणि तूप लावलेल्या ताटात थापला. गोव्यात यालाच पेराद म्हणतात.

जेली धरते ती पेक्टिनमुळे. १८२५ साली ब्राकोनो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं त्याला हे नाव दिलं. जरा कच्चट पेरूंत ते भरपूर असतं. म्हणून सगळे पेरू पिकलेले घेऊ नका. वाटीभर रसाला पाऊण वाटी साखर आणि थोडा लिंबाचा रस घालून मोठ्या आचेवर उकळा. चमच्याच्या कडेवरून थेंब एकेक न पडता जुळून एकत्र पडले, की उतरवा.

आज सासूबाई नाहीत. दिवाळीत जेलीच्या बाटल्या मी हौसेनं मांडते. पण नातवंडं आधी उघडतात तो डबा पेरादच्या वड्यांचाच!