शेवटचा माणूस

मैदानावर सर्वांच्या मागे उभा असलेला माणूस आपल्याला दिसतो केव्हा? त्याची चूक झाली म्हणजे! फुटबॉलमधला गोलरक्षक, क्रिकेटमधला यष्टिरक्षक आणि आपल्या कबड्डीतला कोपरारक्षक या तिघांची कुंडली एकच. दिवसभर अडवले ते कोणी मोजत नाही. एकदा सुटले ते वर्षभर ऐकावे लागते.

पेण-रोह्याकडे भात कापून शेते मोकळी झाली की कबड्डीला रंग चढतो. चढाईत दोन गडी मारणाऱ्याला लोक खांद्यावर घेतात. कोपऱ्यात जीव खाऊन घोटा धरणाऱ्याचे नाव दुसऱ्या दिवशी कोणाला आठवत नाही. पेणच्या गणपती कारखान्यांतही हेच. डोळ्यांची आखणी करणारा ओळखला जातो. माती मळणारे हात मूर्तीतच विरून जातात.

पुण्याजवळच्या फुलगावात १९०२ साली जन्मलेल्या जनार्दन नवले यांचे नाव आपल्यापैकी किती जणांनी ऐकले आहे? २५ जून १९३२ रोजी लॉर्ड्सवर भारताचा पहिला कसोटी सामना सुरू झाला. निसार-अमरसिंग यांच्या तुफानी गोलंदाजीपुढे इंग्लंडची अवस्था ३ बाद १९ झाली. त्या गोलंदाजीमागे यष्टिरक्षक म्हणून उभे होते ते नवले. पुढे भारताच्या डावातला पहिला चेंडू खेळले तेही नवलेच. भारताच्या कसोटी इतिहासातला पहिला यष्टिरक्षक आणि पहिला चेंडू खेळणारा फलंदाज एकच! निसार आणि अमरसिंग आपल्याला पाठ आहेत. नवले मात्र सामान्यज्ञानाच्या परीक्षेतला एक प्रश्न होऊन राहिले.

आता स्पेनकडे पाहा. १९०१ साली बार्सिलोनात जन्मलेला रिकार्डो झामोरा १९२० च्या ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक जिंकणाऱ्या संघाचा गोलरक्षक होता. १९३६ मध्ये देशात यादवी माजली, त्याला तुरुंगही पाहावा लागला. युद्ध संपल्यावर माद्रिदच्या एका संघाने या गोलरक्षकाच्या हाती आपली सूत्रे दिली आणि १९३९-४० व १९४०-४१ अशी लागोपाठ दोन वर्षे त्याने त्यांना स्पेनचे विजेतेपद मिळवून दिले.

योगायोग असा की, नेमक्या याच दोन हंगामांत महाराष्ट्राने रणजी करंडक जिंकला, आणि कर्णधार होते प्रा. दि. ब. देवधर, पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयातले संस्कृतचे प्राध्यापक! देवधर यष्टिरक्षक नव्हते, फलंदाज होते. १९२६ मध्ये एम.सी.सी.विरुद्ध त्यांनी १४८ धावा काढल्या. पण १९३२ च्या इंग्लंड दौऱ्यासाठी त्यांची निवड झाली नाही. कसोटीची टोपी त्यांना कधीच मिळाली नाही. दुसरा कोणी असता तर घरी बसला असता. देवधरांनी तरुण पोरांची मोट बांधली आणि पन्नाशीच्या उंबरठ्यावर स्वतःही मुंबईविरुद्ध २४६ धावा काढल्या. ज्याला मोठा सामना मिळाला नाही, त्याने इतरांना मोठे सामने जिंकायला शिकवले.

मित्रहो, मागे उभ्या असलेल्या माणसाला एक गोष्ट मिळते, ती म्हणजे सगळे मैदान. गेल्या वर्षी एका आंतरमहाविद्यालयीन सामन्यात मी यष्टीमागे होतो. प्रतिस्पर्ध्यांचा एक फलंदाज प्रत्येक चेंडूला उजवीकडे सरकत होता. पायामागून त्रिफळा उडवणे शक्य होते. ते मला दिसत होते. पण मला कोणी विचारले नाही आणि मीही बोललो नाही. पुढे माझ्या हातून त्याचाच झेल सुटला, सामना गेला. झेलाबद्दल आजही बोलणी खातो, आणि ती मला मान्य आहेत. खरी रुखरुख आहे ती न बोललेल्या त्या वाक्याची.

कोणी म्हणेल, नेतृत्व ज्याच्या नावावर धावा त्याचेच. संघ त्याचेच ऐकतो. खरे आहे. पण ऐकणे ही सवय आहे आणि सवय लावता येते. आपल्या महाविद्यालयात संघ निवडताना एक यष्टिरक्षक किंवा कोपरारक्षक हक्काने बसू दे. पदवी घेऊन गेलेल्या खेळाडूंना दरवर्षी दोन आठवडे नव्या मुलांसाठी बोलावू या. याला पैसा लागत नाही, फक्त एक खुर्ची जास्त मांडावी लागते.

स्नेहसंमेलनात उत्कृष्ट फलंदाज आणि उत्कृष्ट चढाईपटू यांना टाळ्या पडतील तेव्हा मीही वाजवीन, मनापासून वाजवीन. मात्र टाळ्या थांबल्यावर एकदा मागच्या रांगेकडे वळून पाहावे. पुढच्या वर्षीचा संघ बांधणारा माणूस कदाचित तिथेच गप्प बसलेला असेल.