टायरलाही थंडी बाधते

ऑक्टोबर उजाडला की जर्मनीत नोकरीला असलेला माझा पुतण्या गाडीचे टायर बदलतो. उन्हाळी उतरवायचे, हिवाळी चढवायचे. रस्त्यावर बर्फ असताना हिवाळी टायर नसतील, तर तिथे दंड होतो. मी त्याला हसत असे. मे महिन्यात चव्वेचाळीस अंशांत भाजणाऱ्या परभणीकराला हिवाळी टायरचे काय कौतुक?

गेल्या डिसेंबरातील एका पहाटे ते हसू मावळले. डेअरीवर दूध घालायला निघालेला बावीस वर्षांचा तरुण वळणावर दुचाकी घसरून पडला होता. मांडीचे हाड मोडलेले. "साहेब, पोरगं जोरात नव्हतं हो," वडील पुन्हा पुन्हा सांगत होते. ते खरे असावे. रस्ता दवाने ओला होता आणि मागचा टायर घासून गुळगुळीत झाला होता. ऐन तुरीच्या काढणीत घरातला कमावता हात तीन महिने खाटेवर पडला.

यामागचे विज्ञान सोपे आहे. खोबरेल तेल थंडीत थिजते, तसे टायरचे रबर थंडीत कडक होते. कडक रबर रस्त्याच्या खडबडीत पृष्ठभागात नीट रुतत नाही आणि पकड कमी होते. वेगवान गाड्यांसाठी मिळणारे महागडे उन्हाळी टायर तापलेल्या डांबरावर उत्तम पकड देतात, पण पारा सात अंशांच्या खाली गेला की तेच टायर दगा देऊ लागतात. परभणीच्या कृषी विद्यापीठात तर पाच अंशांखालील तापमानाच्याही नोंदी झाल्या आहेत. म्हणून आपल्याला हिवाळी टायर घ्यायला नकोत. अशा पहाटा मोजक्याच असतात. पण पहिले काही किलोमीटर टायर गारच असतो, हे ध्यानात ठेवून वेग कमी ठेवावा आणि वळणावर गाडी फार झुकवू नये.

दुसरी गोष्ट हवेची. तापमान दहा अंशांनी उतरले की कारच्या टायरमधला दाब साधारण दीड ते दोन पीएसआयने घटतो. दुपारी तीस अंशांत नेमकी भरलेली हवा पहाटे आठ अंशांत तीन-चार पीएसआय कमी भरते. नायट्रोजन भरला तरी हा नियम सुटत नाही. कमी हवेचा टायर चालताना जास्त दबतो आणि त्यामुळे आतून तापतो. तीच गाडी पुढे जालन्याहून समृद्धी महामार्गावर चढून ताशी १२० किलोमीटरने तासन्‌तास धावली, तर टायर फुटण्याचा धोका वाढतो. उन्हाळ्यात तर तो आणखी मोठा.

रक्तदाब जसा रुग्णाला शांत बसवून मोजतात, तसा टायरचा दाब गाडी निघण्यापूर्वी, टायर गार असताना मोजावा. किती हवा हवी, ते कारच्या दाराजवळच्या पट्टीवर लिहिलेले असते; दुचाकीचे माहितीपुस्तिकेत मिळते. टायरवरच्या खाचा चारचाकीला किमान १.६ मिलिमीटर आणि दुचाकीला ०.८ मिलिमीटर खोल असाव्यात, असा नियम आहे. पण तिथपर्यंत वाट पाहू नये. टायरचे वयही बघा. बाजूला कोरलेल्या चार आकड्यांपैकी पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात: २३१९ म्हणजे २०१९ मधला तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षांनी खाचा शाबूत दिसल्या तरी रबर म्हातारे झालेले असते. तेव्हा जाणत्या माणसाकडून तपासून घ्यावे.

समृद्धीवर परिवहन विभागाने प्रवेशालाच टायर तपासून झिजलेल्या टायरच्या गाड्या परत पाठवल्या होत्या. तशी तपासणी गावच्या रस्त्यांनाही हवी. दिवाळीनंतर साखर कारखान्यांच्या वजनकाट्यावर, महाविद्यालयांच्या फाटकात, आठवडी बाजारात दोन दिवस नुसते टायर तपासावेत. पावती फाडण्याआधी मालकाला त्याचा टायर दाखवावा. उसाची ट्रॉली आणि शिकवणीला निघालेली पोरे पहाटेच्या त्याच रस्त्यावर असतात.

मोडलेले हाड आम्ही जोडतो. पण तीन महिन्यांची बुडालेली मजुरी कोणत्याच वॉर्डात भरून मिळत नाही. पेट्रोल पंपावर हवा मात्र फुकट मिळते.